तंबाखूत उतरलेलं विमान आणि आमचे दाजी

आमच्या दाजींना जाऊन आता वर्ष होत आलं. ते गेले तेव्हा बेळगावात अनगोळच्या चौकात त्यांचा भला थोरला फलक लागला होता. डोळ्यांवर काळा गॉगल, खांद्यावर शाल, मागे निळंशार आकाश आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘आकाशवेडा उद्योजक हरपला’. बँकेत जाताना मी रोज त्या फलकाखालून जायची आणि रोज मनात म्हणायची, हरपला ते बरंच झालं. गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलावेत हे मलाही कळतं. पण चांगलं बोलणाऱ्यांची त्यांच्या शोकसभेत इतकी गर्दी होती म्हणे, की मागच्यांना उभं राहावं लागलं. माझ्यावाचून काही अडलं नाही. मी सभेला गेले नाही, अंत्यदर्शनालाही गेले नाही. तेराव्याला गेले ती आक्कासाठी.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि दाजी तिचे यजमान. उद्यमबागेत त्यांचा लेथचा कारखाना होता. ट्रॅक्टरचे सुटे भाग करायचे. हात कसबी होता हे मी नाकारत नाही. लोखंडाला त्यांचा हात लागला की लोखंड सरळ यायचं. माणसांना लागला की माणसं वाकडी व्हायची. यंत्रांशी ते अहोजाहो करत. मी स्वतः ऐकलंय, बिघडलेल्या लेथला ते म्हणत होते, “काय हो, आज काय दुखतंय तुमचं?” आणि त्याच तोंडानं लगेच मागे वळून आक्काला, “ए, च्या कुठाय?”

त्यांचा एक खास प्रश्न होता. काही मोडलं, सांडलं, फुटलं, उतू गेलं की आपण विचारतो, काय झालं? दाजी विचारत, “कुणी केलं ह्ये?” जे घडलं त्याला कुणीतरी माणूस जबाबदार असलाच पाहिजे आणि तो माणूस दाजी असूच शकत नाहीत, या दोन खांबांवर त्यांचा संसार उभा होता. ताक आंबट झालं, कुणी केलं? वास्तुशांतीला पाऊस आला, तर मुहूर्त कुणी काढला? एकदा गाडी मागे घेताना त्यांनी अंगणातलं तुळशीवृंदावन पाडलं. खाली उतरले, कंबरेवर हात ठेवून त्या विटांकडे बघत राहिले आणि गरजले, “हितं मधीच कुणी बांधलं ह्ये?” वृंदावन त्यांनीच बांधलं होतं, जागाही त्यांनीच ठरवली होती, तीही आक्काशी भांडून. आक्का विटा गोळा करता करता म्हणाली, “मीच म्हणत हुते न्हवं, जरा कडंला घ्या म्हणून.” तर म्हणाले, “मग तवाच जोरानं का म्हणाली न्हाईस?”

अशा माणसाच्या डोक्यात विमान शिरलं. कसं शिरलं देव जाणे. पिरनवाडीला त्यांची जागा होती, तिथं पत्र्याची शेड ठोकली आणि आत सांगाडा उभा राहायला लागला. दोन माणसं बसतील एवढं लहानसं विमान. ॲल्युमिनियमच्या नळ्या, एका जुन्या व्हॅनचं इंजिन, लाकडी पंखा. उडवायचे धडे ते कुठंतरी दक्षिणेला जाऊन घेऊन आले. परवानगीचं विचारलं की ठरलेलं उत्तर: “कागद दिल्लीला गेल्यात.” कागद वर्षानुवर्षं दिल्लीला जातच होते. काळा गॉगल मात्र त्याच काळात आला आणि तो कपाळावर जो चढला तो लग्नाच्या पंगतीतही उतरला नाही.

या विमानाचे पंख कापडाचे होते. नळ्यांच्या चौकटीवर जाड कापड ताणून बसवायचं आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं टाका-टाका शिवायचं. हे काम दाजींना जमेना. त्यांचा टाका सैल पडायचा. मग आक्काला शेडमध्ये नेलं. आक्काचं शिवणकाम आमच्या सगळ्या पै-पाहुण्यांत नावाजलेलं. एक अख्खा उन्हाळा ती त्या पत्र्याखाली बसून पंख शिवत होती. दोऱ्यानं तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी रागावले तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. असलं कापड शिवायला कुणाला मिळतंय?” खरं सांगते, त्या विमानावर तिचा जीव होता. पुढे जमिनीवर पळवून बघायची वेळ आली, तेव्हा शेजारच्या सीटवर वजन हवं म्हणून दाजींनी तिलाच बसवलं. दुपारभर ती मांडीवर गवारीच्या शेंगा निवडत त्या विमानात बसायची आणि विमान माळावर इकडून तिकडं धावायचं. मी म्हटलं, दाजी, वाळूचं पोतं ठेवा की. तर म्हणाले, “पोतं पाणी आणून देत न्हाय.”

वर्तमानपत्रवाले आले तेव्हा मुलाखतीत म्हणाले, “सगळं एकट्यानं केलं.” निपाणीत भाषण असलं की ते ‘आपल्या सीमाभागातल्या मराठी माणसाचं विमान’ असायचं आणि बेंगळुरूहून कुणी साहेब आले की तेच विमान कन्नड नाडाचा, म्हणजे कन्नड मुलखाचा, अभिमान व्हायचं. विमान बिचारं एकच होतं.

पिरनवाडीला घरं फार झाली, म्हणून उडवायसाठी जागा शोधली ती आमच्या माहेरची. निपाणीजवळ आमचं गाव. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गावाबाहेर लांबलचक माळ होता. दाजी एक दिवस रोलर घेऊनच आले. आप्पा म्हणाले, “जावईबापू, शेरडं कुठं चारायची?” दाजी म्हणाले, “शेरडं काय कुठंबी चरत्यात.” झालं. माळ सपाट झाला. विमान ट्रकवरून आलं, पंख जोडले, तिथंच उभं राहिलं. दोन-चार वेळा ते उडालंही, माळावरच्या माळावर, कावळ्याच्या उंचीवर.

मग दाजींनी जाहीर केलं, यंदा दसऱ्याला सीमोल्लंघन विमानानं. इकडच्या माळावरून उडायचं, महाराष्ट्राची हद्द ओलांडून कागलच्या अंगाला जायचं, वळसा घालून परत. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विमानाची पूजा.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुजतात. विळा, कुदळ, मोटारसायकल, शिलाईमशीन, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. तेव्हा विमानाला पूजा हवीच. आक्कानं आठ दिवस आधी झेंडूच्या माळांची लांबी मोजून ठेवली होती. आणि नेमकी नवमीच्या पहाटे तिला पाळी आली. आमच्या माहेरी बाजूला बसणं आईनं केव्हाच बंद केलेलं, सुना आल्या तेव्हाच. दाजींच्या कानावर गेलं तसे ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. “विमान हाय त्ये, खेळ न्हवं. विटाळ चालायचा न्हाय. हिला भाईर बसवा.”

आई म्हणाली, “अवं, आमी न्हाई पाळत आता.”

“तुमी न्हाई उडत बी,” दाजी म्हणाले.

आक्का उठली आणि गोठ्याकडच्या खोलीत जाऊन बसली. जिनं ते पंख टाका-टाका शिवले तिला त्यांच्याकडे बघायचीही बंदी. मी तिला ताट नेऊन दिलं तर म्हणाली, “माळ नीट बसली काय गं? डावीकडची जरा लांब हाय.”

माळावर गाव लोटलं होतं. दाजींनी विमानाभोवती दोर बांधून सगळ्यांना लांब उभं केलं होतं. आत ते एकटेच, सोवळं नेसून, कपाळावर गॉगल. लांबच्या लोकांना पूजा दिसावी म्हणून त्यांनी सुकं हळदकुंकू बाजूला ठेवलं, तांब्यातलं पाणी घालून वाटीत गोळा कालवला आणि बोटानं जाडजूड पट्टे ओढायला लागले. पंख्याला, चाकांना, सीटच्या मागे वर बसवलेल्या पेट्रोलच्या टाकीला आणि टाकीच्या झाकणालाही. त्या झाकणाला सुईएवढं भोक होतं. ते कशाला, हे त्यांनीच आम्हाला दहादा समजावलं होतं: तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार तुटते, हवा आत जायला दुसरं पाडावं लागतं, तसंच हे. एवढं ज्ञान असलेला माणूस त्या भोकावर अंगठ्यानं कुंकू थापत होता आणि गाव टाळ्या वाजवत होतं. मीही दोराबाहेर उभी होते. मला तेव्हा काही सुचलं नाही, त्या भोकाचा विचारही डोक्यात आला नाही. पण अंगठा कुणाचा होता ते मी पाहिलं.

दसऱ्याच्या दुपारी विमान उडालं. छान उडालं. आप्पांच्याही तोंडावर हसू आलं. गावावरून एक फेरी झाली, मग ते हद्दीच्या दिशेनं लहान होत गेलं. आणि एकाएकी इंजिन ठसकलं. पुन्हा लागलं, पुन्हा ठसकलं, आणि बंद.

“आरं, बंद पडलं की रं!” आप्पा म्हणाले.

आता इथं मला त्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे, आणि मी बोलणार. वळून माळावर येण्याइतकी उंची नव्हती. समोर सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान होतं, सपाट, उतरायला सोन्यासारखं. पण पावसाच्या भीतीनं सणाच्या दिवशीही तिथं बायका ढीग गोळा करत होत्या. दाजींनी ते रान सोडलं. पंख कलवला आणि पलीकडच्या, गुडघाभर तंबाखू उभ्या असलेल्या शेताकडे गेले. तिथं वाचायची खात्री नव्हती. त्या बायकांमधली एक माझी चुलत भावजय होती, तिची दोन लेकरं बांधावर बसली होती. त्या घटकेला दाजींनी कुणी केलं हे विचारलं नाही, जे करायचं ते केलं. आयुष्यातली तेवढी एक घटका त्यांच्या नावावर जमा आहे, ती मी खोडणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा धूळ बसत होती. पंखा मोडला होता, एक चाक निखळून सरीत पडलं होतं, डावा पंख फाटला होता. कापड फाटलं होतं, शिवण कुठंही उसवली नव्हती. दाजी धड होते. कोपर खरचटलं होतं तेवढंच. शेताचा मालक डोक्याला हात लावून आपल्या चिरडलेल्या तंबाखूकडे बघत होता. त्याला म्हणाले, “तंबाखूनं कॅन्सर होतोय. उपकारच केले मी.”

मग ते टाकीवर चढले आणि झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली. आम्ही सगळ्यांनी ऐकली. दाजी झाकण हातात घेऊन बघत राहिले. वाळून खडा झालेलं कुंकू भोकात घट्ट बसलेलं. त्यांना कळलं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते म्हणून छातीठोक सांगते, त्यांना तिथल्या तिथं सगळं कळलं.

तेवढ्यात आक्का आली. इंजिन थांबल्याचं तिला त्या खोलीत ऐकू आलं होतं. ती तशीच, अनवाणी, सऱ्या तुडवत धावत आली होती. “आगं बया, लागलं काय हो कुठं?”

दाजींनी झाकण तिच्या तोंडासमोर धरलं. “ह्ये बघ. ह्ये बघ तुझं कुंकू! भोक बुजीवलंस पार. मारली असतीस मला!”

आक्काचं तोंड उघडलं आणि तिनं आजूबाजूला पाहिलं. आप्पा, भाऊ, गावचे कारभारी, तरणी पोरं, पोलीस. ‘मी पूजेला नव्हतेच’ असं तिनं सांगायचं तर का नव्हती तेही या सगळ्यांसमोर सांगावं लागणार. आई मागून म्हणाली, “जावईबापू, अवं ती तर...” आक्कानं आईचा हात दाबला. कुणीतरी म्हातारं म्हणालं, जाऊ द्या, हिचं कुंकू बळकट म्हणूनच वाचलासा. आणि ते कुंकू तिनंच लावलं होतं, हे त्या वाक्यानं गावात पक्कं झालं.

विमान पुन्हा उडालं नाही. पोलिसांनी दाजींना चार दिवस खेटे घालायला लावले, कागद दिल्लीलाच राहिले. पण विमान न उडण्यानं दाजींचं काहीच अडलं नाही, उलट त्यांची भरारी तिथूनच सुरू झाली. शाळा, तरुण मंडळं, महिला मंडळं, सगळीकडे भाषणाला बोलावणं. भाषण सुरेख करायचे. इंजिन बंद पडतं तिथं आवाज खाली आणायचे, सभा चिडीचूप. मग सावकाश म्हणायचे, “आणि मंडळी, विमान कशानं पडलं माहीत हाय? बायकोच्या कुंकवानं!” सभागृह खदखदायचं. आक्का पहिल्या रांगेत, गजरा घालून. तिच्याकडे हात करायचे, “ह्या बघा, विमान पाडणाऱ्या बाई!” ती मान खाली घालून हसल्यासारखं करायची.

मी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात सरळ म्हटलं, “दाजी, पूजा तुम्ही केली. हिला तर तुम्हीच बाहेर बसवलं होतं.” ते भाकरी मोडत म्हणाले, “कालवून ठेवलेलं कुणी? घरातल्या बायकांनीच न्हवं?” मी म्हटलं, ते तुम्हीच कालवलं, माझ्यासमोर. तर ताटावरून उठले. आणि आक्का मलाच म्हणाली, “गप गं तू. असल्या गोष्टी चारचौघांत काढायच्या असत्यात व्हय? लोकांस्नी हसायला मिळतंय, हसू दे.”

पण लोक नुसते हसत नव्हते. ते तिला उशिरा कळलं. लोंढ्याला आमच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. हळद लावायला सवाष्णी बसल्या. मामेभावाची बायको म्हणाली, आक्का, तुम्ही मोठ्या, पहिली हळद तुम्ही लावा. आक्कानं वाटी हातात घेतली, आणि मुलाकडची एक म्हातारी पुढे आली. तिनं अगदी हळुवारपणे आक्काच्या हातातून वाटी काढून घेतली. “तुमी नगा, बाई. तुमच्या हातचं ऐकून हाय आमी. पोरीचा संसार सुरू व्हायचा हाय.”

हसत नव्हती ती म्हातारी. तिला खरंच भीती वाटत होती. आक्का मागे सरकून उभी राहिली आणि लग्न लागेपर्यंत कुठल्याही कार्यात पुढे आली नाही. रात्री गाडीत दाजी विचारत होते, जेवणात मठ्ठा का नव्हता. मला त्या माणसाचा इतका राग आला, इतका, की चालत्या गाडीतून उतरावंसं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी निपाणीच्या एका मुलींच्या शाळेत दाजींचं भाषण होतं. आक्कानं मला फोन करून बोलावून घेतलं. का, ते सांगितलं नाही. शाळेनं दोघांनाही व्यासपीठावर बसवलं होतं, मी खाली पहिल्या रांगेत. भाषण नेहमीसारखं रंगलं. इंजिन बंद पडलं, आवाज खाली आला, कुंकू आलं, पोरी हसल्या. टाळ्या झाल्यावर मुख्याध्यापिका बाई शिष्टाचार म्हणून म्हणाल्या, “ताई, तुम्हीपण दोन शब्द बोला ना.” अशा वेळी आक्का हात जोडून नको म्हणायची. त्या दिवशी ती उठली. पदर खांद्यावर घेतला आणि माईकपाशी गेली.

“मला भाषण येत न्हाय,” ती म्हणाली. “विमानाचे पंख मी शिवल्यात. ते कधी कुणी सांगत न्हाय, म्हणून सांगितलं. आणि दुसरं म्हंजे, खंडेनवमीला मला पाळी आलती. ह्यांनीच मला गोठ्याकडच्या खोलीत बसवलं. विमानाला विटाळ चालत न्हाय म्हणाले. दसऱ्यापतोर मी भाईर आले न्हाय. मग झाकणाला कुंकू मी कसं लावीन? ज्यानं पूजा केली त्यानं लावलं. पूजा ह्यांनी केली. बास, एवढंच.”

दोन शिक्षक छताकडे बघायला लागले. मागच्या बाकांवरून कुणीतरी एकटीच टाळी वाजवायला लागली आणि कुणी तिला थांबवलं नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला ती पुसायची नव्हती.

दाजी पुढे आले. हसले. “बायकांच्या ध्यानात ऱ्हात न्हाय...” म्हणाले. कुणीच हसलं नाही. तसलं गप्प सभागृह त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, खाली पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. एकदम त्यांच्या तोंडावर तरतरी आली. बोट उचललं. “मग हिनं लावलं आसंल! ही माझी मेव्हणी. त्या दिशी हीच कडमडत हुती विमानाजवळ!”

सगळ्या शाळेनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत आक्कानं हात पुढे करून ते बोट धरलं आणि खाली केलं. जोरानं नाही, दाराची कडी खाली करावी तितकं सहज. मग पर्स उचलली, पायऱ्या उतरली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, “चल गं. बेळगावची बस मिळंल आपल्याला.”

आम्ही दोघी पोरींच्या मधल्या वाटेनं निघालो. बाकांवरच्या पोरी पाय आत घेऊन वाट करून देत होत्या. दारात पोचल्यावर मी एकदाच मागे वळून पाहिलं. दाजी माईकपाशी तसेच उभे होते, ते बोट पुन्हा अर्धवट उचललेलं, आणि त्यांची नजर त्या पोरींच्या रांगांवरून, एकीवरून दुसरीवर, सावकाश फिरत होती.